उतारावरचा तिसरा गियर

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. एक गोष्ट तिथेच बोलायची होती, पण काका गाडीत होते आणि नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्याने तोंड घालू नये, म्हणून लिहिते.

गुरुवारी त्यांना उपचाराला नेताना टेकडीच्या माथ्यावर तू गाडी न्यूट्रलला टाकलीस आणि पायथ्यापर्यंत नुसत्या ब्रेकवर उतरवलीस. रुग्णालयाच्या आवारात पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. कोणीतरी कचरा पेटवला असेल, असं तू म्हणालीस. कोणी पेटवला नव्हता.

गाडी गियरमध्ये असली की उतारावर इंजिनच चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रलला ती मोकाट सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, त्यातलं तेल उकळतं, मग पेडल तळाला जातं तरी गाडी थांबत नाही. माथ्यावरच तिसऱ्यात ये आणि तशीच उतर. पेट्रोलसाठी करत असशील, तर तेही वाचत नाही. उतारावर गियरमध्ये असताना एक्सिलरेटरवरून पाय काढला की आताच्या इंजिनांत पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

गियरबॉक्स तपासणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे गप्प बसवलं नाही. राग नसावा. काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी भाची


१६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भाचीचं आहे की वाहन खात्याची नोटीस, ते बघायला पाकीट उलटसुलट केलं. अगं, तुझ्या जन्माआधीपासून मी गाडी हाकते आहे. उतार आला की न्यूट्रल, पेट्रोल वाचतं, हे जुन्या गाडीपासून हातात बसलंय. जित्याची खोड म्हण आणि सोडून दे.

इकडे आहे तसंच आहे. ह्यांची पाठ शस्त्रक्रियेनंतरही धरलेलीच. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, की गुरुवार चुकवले तर पायांतली ताकद जाईल आणि मग ती परत यायची नाही. रात्री कूस बदलायची झाली की मला हाक मारतात, त्यामुळे घरात दोघेही जागेच. दिवसा मी उभ्या उभ्या पेंगते. दूध दोनदा उतू गेलं. दादा-वहिनींना यातलं काही सांगत बसू नकोस.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.

तुझी आत्या


२२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. आज शेवटच्या वळणाच्या अलीकडे ब्रेकचं पेडल पायाखालून गेलं. हातब्रेक थोडा थोडा ओढत, कडेच्या कठड्याला घासत गाडी थांबवली. दोघांनाही लागलं नाही. ह्यांनी ओरडा केला नाही, माझ्या हातावर हात ठेवून नुसते बसून राहिले.

आता खरं सांगते. पेट्रोलचं मी उगाच लिहिलं होतं. गियर खाली आणताना बसणारा हिसका थेट ह्यांच्या मणक्यात जातो. तोंडातून शब्द काढत नाहीत, दाराची मूठ आवळतात, बोटं पांढरीफटक पडतात. एकदा घरी आल्यावर म्हणाले, पाय गेले तरी चालतील, तो उतार पुन्हा नको. त्यानंतर मी न्यूट्रल टाकायला लागले. न्यूट्रलमध्ये गाडी लोण्यासारखी उतरते. तुला कळू देऊ नको असं ह्यांनीच बजावलं होतं. पोरीसमोर मोडलेलं दिसायचं नाही ह्यांना.

हिसक्याने हे यायचे नाहीत आणि न्यूट्रलने आम्ही दोघेही पोचायचो नाही. मी दमले गं. सांग काय करू.

तुझी आत्या


२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी ब्रेकचं तेल बदलून ब्रेक तपासून घे. तोवर गाडी काढू नकोस, या गुरुवारी भाड्याची मोटार मागव.

हिसका टाळता येतो. क्लच सोडतेस तेव्हा इंजिन मंद फिरत असतं आणि चाकं जोरात. त्या दोघांची गाठ एकदम पडली की धक्का बसतो. म्हणून आधी ब्रेकने वेग कमी कर. क्लच दाबून चौथ्यातून तिसऱ्यात आण, आणि क्लच दाबलेलाच असताना एक्सिलरेटरला जरासा पाय लाव. इंजिनाचा आवाज चढेल. तो चढलेला असतानाच क्लच सावकाश सोड. हे माथ्यावरच्या सपाटीवर कर, म्हणजे खालपर्यंत गियरला हात लावावा लागणार नाही. डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची तुझी सवयही सोड.

काल चाचणीच्या रस्त्यावर शेजारच्या सीटवर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून मी हे करून पाहिलं. सुरुवातीला सीट भिजली. सोबतचा तंत्रज्ञ म्हणाला, बाई, गाडी बाहेरून धुतात. नंतर पाणी हललं, पण सांडलं नाही. काकांना बसवण्याआधी तूही पातेलं घेऊन जा.

मला कळलंय, हे काकांना सांगू नकोस.

तुझी भाची


७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

ब्रेकचं काम झालं. मग आठवडाभर पातेल्याला फिरवून आणलं. शेजारीण विचारत होती, कोणाकडे रोज आमटी पोचवतेस. पहिले काही दिवस माझीच साडी भिजली, नंतर पायाला आवाज कळायला लागला.

आज ह्यांना घेऊन उतरले. माथ्यावर तिसरा टाकला, काही जाणवलं नाही. निम्म्यावर आले तेव्हा लक्षात आलं, की शेजारून हूं नाही की चूं नाही. ह्यांचा हात मुठीवरून सुटून मांडीवर पडला होता, मान कलली होती. गाडी कडेला घेतली आणि नाकाशी हात धरला.

ह्यांनी डोळे उघडले आणि चिडून विचारलं, की गाडी का थांबवलीस, आत्ता कुठे डोळा लागला होता.

काही नाही म्हटलं. मग मीच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मागची गाडी हॉर्न वाजवत निघून गेली तरी उठवेना. शेवटी ह्यांनीच विचारलं, तुला बरं नाही का.

पुढच्या गुरुवारीही जाऊ म्हणालेत.

तुझी आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. काकांना झोप लागली, बरं झालं. तुला कधी लागली, ते मात्र एकाही पत्रात नाही.

मी रजा टाकली आहे. बुधवारी संध्याकाळी येते. काकांना सांग, की कामानिमित्त येते आहे. रात्री ते हाक मारतील तेव्हा मी उठेन आणि गुरुवारी गाडीही मी चालवेन. तू मागच्या सीटवर बस. वाटेत तुझा डोळा लागला, तर मी गाडी थांबवणार नाही.

तुझी भाची