सात किलो शिसं

ले मां, रविवार

ती. सेव्हरँदाजी यांना, स्वतःचे गुडघे अजून वाकतात म्हणून फुल्जाँसचा वाकून नमस्कार.

तुमचे वाकत नाहीत असं क्लोतिल्दताईनं कळवलं. सूज उतरली का? (ताई तुमच्या गुडघ्यांना कोबीची पानं बांधते म्हणे. बांधू द्या, पण त्या दिवशी कोबीचं सूप पिऊ नका. ताईला काही वाया गेलेलं चालत नाही.) तुम्ही पाठवलेली रियेतची बरणी पोहोचली. डुकराच्या मांसावर चरबीचा थर पूर्वीसारखाच, बोटभर. आमच्या आयुष्यात जाड म्हणावं असं आता तेवढंच उरलं आहे.

काल तुम्ही चौकात नव्हता ते बरं झालं. चाळीस वर्षं तुम्ही शर्यतीआधीच्या जाहीर वजनाला पंच म्हणून उभे राहता आणि चाळीस वर्षं मी आमची गाडी ढकलत तुमच्यापुढे आणतो. यंदा तुमच्या जागी एक परका माणूस होता, त्यामुळे माझी शोभा निदान घरच्या माणसानं तरी पाहिली नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, चोवीस तास धावणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचा जीव फार लवकर जातो. म्हणून मी त्याचं कवच जाड ओततो. (शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेली कविता म्हणत ओततो, पाचवं कडवं संपलं की साचा भरलेला असतो. हल्लीच्या पोरांकडे सेकंदाचा हजारावा भाग मोजणारी घड्याळं आहेत, पण पाचवं कडवं एकालाही येत नाही.) हे माझं शेवटचं वर्ष. सप्टेंबरात मला फुलं देऊन घरी बसवणार. त्याआधी माझ्या हातचं एक कवच शेवटची शर्यत पुरी करून यावं, याहून दुसरी इच्छा मी धरली नव्हती.

नोव्हेंबरात आमचा नवा इंजिनिअर लोईक यानं गाडी वर्कशॉपातल्या काट्यावर चढवली आणि जाहीर केलं की ती नियमाच्या किमान वजनाहून सात किलो जास्त भरते. किमानाखाली गेलं की बाद, वर गेलं की प्रत्येक फेरीत वेळ जातो. सीटवाल्यानं हात झटकले, रंगाऱ्यानं खांदे उडवले, मग सगळ्यांचे डोळे माझ्या कवचाकडे वळले. लोईक म्हणाला, काका, हे कवच आहे की चर्चचं दार? त्यानं संगणकावर दुसरं काढलं, बरोबर सात किलो हलकं, अंड्याच्या टरफलाइतकं. मालकीणबाई सोलांज यांनी त्याच दुपारी सही केली. तीस तासांच्या चाचणीला मी ते फुटायची वाट पाहत उभा राहिलो. (असलं पाप या वयात कबूल करायला लाज वाटते.) फुटलं नाही. साधं तेलसुद्धा गळलं नाही.

आणि काल चौकात, बायकापोरं, आईस्क्रीमवाले, नगराध्यक्ष, सगळ्यांच्या देखत गाडी सात किलो कमी भरली. आमच्या काट्यावर बरोबर, पंचांच्या काट्यावर कमी. कोणाला काही उमगेना. लोईक पांढराफटक पडला. मी पुढे झालो. जुनं कवच मी घोंगडीत गुंडाळून माझ्या स्वतःच्या मोटारीच्या डिकीत आणलं होतं, सहज, असंच. म्हटलं, "हे घाला, वजन बरोबर भरेल."

लोईकनं क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "उलट बरं झालं, काका. सात किलो शिसं अगदी जमिनीलगत बसवता येईल. गाडी वळणावर आणखी चिकटून जाईल. तुमचं कवच फार उंचावर बसतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दाजी. असता तर परवडलं असतं. वर सोलांजबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शिसं तूच ओत, फुल्जाँस. तुझ्यासारखं कोणाला जमतं?"

ओतलं. शिसं फार पटकन वितळतं. त्याला स्वाभिमान नसतो.

ताईला नमस्कार. तिला यातलं काही सांगू नका, ती सोलांजबाईंना फोन करील.

तुमचा मेहुणा,
फुल्जाँस

ता. क. : आमचा काटा सात किलो जास्त दाखवतो. थोरले मालक होते तेव्हा, गाडी हलकी करताना माणसांनी हात राखून काम करू नये म्हणून, त्यांनी तो माझ्याकडून तसा लावून घेतला होता. ते गेल्यावर हे फक्त मला माहीत. नोव्हेंबरात एक वाक्य बोललो असतो तर कवच गाडीतच राहिलं असतं. पण मला लोईकचं नाक चौकात, सगळ्या गावासमोर कापलेलं पाहायचं होतं.

आणखी ता. क. : बुधवारी गाडी पुन्हा वजनाला येईल आणि पंच त्या शिशाला सील लावतील. काठी टेकत का होईना, पण तुम्हीच या. शिशाच्या खालच्या बाजूला मी माझं नाव कोरलं आहे. नियमात बसतं की नाही, मी विचारलेलं नाही. सील लावा, दाजी, आणि एवढ्या एका वेळी तुकडा उलटून पाहू नका.