रिकामी खुर्ची आणि डुगडुगतं स्टूल

माझ्या जुन्या मैत्रिणीस, म्हणजे अबोलीस, तिच्या वयाला शोभेल एवढ्या मानाने आणि मला जमेल एवढ्या प्रेमाने,

मी बरी आहे, तू कशी आहेस ते कळव. गुडघ्यांचं विचारत नाही, त्यांच्याकडून आता कसली अपेक्षा नाही. कान कसे आहेत तेवढं सांग, दोन्ही. तुझ्या खोलीचं दार नीट लागतं का आणि लेकाच्या घरी टीव्ही किती मोठ्याने असतो, तेही लिही. सहज विचारते. रोज फोनवर बोलतो तरी ही पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. त्याचं कारण खाली येईल. अक्षराला हसू नकोस. शाळा मी चौथीत सोडली (मास्तर म्हणत, शाळा सुटली), त्यानंतर लिहिण्याचा संबंध दुधवाल्याला चिठ्ठी ठेवण्यापुरताच आला.

नातीची नोकरी जायच्या बेतात आहे. म्हणजे हीसुद्धा. पोरीचा धंदा तुला माहीत आहे, कंपन्यांना माणसं शोधून देते. आधी बँकेसाठी शोधायची, तर बँकेनेच शाखा बंद केल्या. मग एका हॉटेलसाठी, ते विकलं गेलं. मग मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या पोरांसाठी, ती पोरं आपापसात भांडून आपापल्या घरी गेली. पायगुण म्हणतात तो हाच, पण तिच्यासमोर बोलायची सोय नाही. ती म्हणते, आजी, धंदे बदलणारच, योग्य माणसाला योग्य खुर्चीत बसवणं हेच माझ्या कामाचं सार्थक. मी म्हटलं, बाई गं, सार्थक नंतर कर, आधी खुर्ची तरी जागेवर राहू दे.

आणि हे मला सांगते! गिरणीत बाया लागत तेव्हा मुकादम कोणाच्या पायरीवर येऊन बसायचा? गिरणी बंद पडली तेव्हा त्याच बाया बिस्किटांच्या कारखान्यात कोणी चिकटवल्या? बिस्किटं भरायला यंत्र आलं, तेव्हा चपलांच्या कारखान्यात कोणी धाडल्या? तिला परीक्षा घ्यायला कॉम्प्युटर लागतो, मला एक स्टूल पुरायचं. आठवतं ना, एक पाय आखूड असलेलं? आलेल्या बाईला मी त्यावर बसवायची आणि काही न बोलता भाजी निवडायची. जी उठून पायाखाली कागदाची घडी सारेल ती गिरणीत. जी म्हणेल, दुसरं धड काही नाही का घरात, ती मुकादमीण. आणि जी मुकाट डुगडुगत बसेल तिला मी पाणी पाजून परत पाठवायची. तू संध्याकाळपर्यंत डुगडुगत बसली होतीस. वर न राहवून मीच बोलायला लागले, ते सगळं ऐकून घेतलंस. म्हणून तुला गिरणीत लावलं नाही, आणि बरोबरच केलं. तिथे तू दुपारपर्यंतसुद्धा टिकली नसतीस.

तर आता नातीच्या माथी एक खुर्ची आली आहे. कपडे धुण्याची मशीन विकणारी कंपनी आहे. लोक फोन करून त्यांना शिव्या घालतात. आधी त्यांनी फोनवर यंत्र बसवलं होतं (एक दाबा, दोन दाबा), तर लोक दुप्पट चिडले. म्हणून आता जिवंत माणूस हवा आहे. घरी बसून काम, वयाची अट नाही, शिकायचं थोडं, ऐकायचं फार. नातीने ज्यांना ज्यांना बसवलं ते आठवड्याच्या आत रडत निघून गेले. नात अजून कच्ची आहे, पक्की करायची की नाही ते या महिनाअखेरीस ठरणार, आणि तिच्या साहेबिणीने स्पष्ट सांगितलं, खुर्ची भरली तर तू आत, नाही तर तू बाहेर.

मग मीच हात घातला (ती नको म्हणत होती). आधी तळमजल्यावरचा रिटायर कंडक्टर पाठवला. आयुष्यभर चिडलेल्या लोकांत उभा राहिलेला माणूस, मला वाटलं ह्याला काय भीती! स्टुलाला त्याने घडी लावली, पास झाला. तिकडे पहिल्याच फोनवर एका बाईला म्हणाला, एकेकाने बोला, ढकलाढकली करू नका. फोनवर ती एकटीच होती. ती आणखी भडकली, तेव्हा त्याने तिला पुढच्या स्टॉपवर उतरायला सांगितलं. मग शिंपीणबाई पाठवल्या. त्यांचं ऐकून घेणं चांगलं, पण ऐकून झालं की आपल्या शिलाईमशीनची तक्रार सांगत बसायच्या, ती गिऱ्हाइकाच्या तक्रारीहून लांब. वर मनापासून सल्ला द्यायच्या, हाताने धुवा हो, कपडा टिकतो. एकाने खरंच मशीन परत केलं. कंपनीने मशीन परत घेतलं आणि शिंपीणबाईंनाही परत पाठवलं.

शेवटी मी म्हटलं, मी काय मेले आहे का? नात म्हणाली, आजी, आधी सराव करू. ती आतल्या खोलीत जाऊन चिडलेलं गिऱ्हाईक झाली, मी बाहेर फोन धरून बसले. ती म्हणाली, मशीनमधून पाणी गळतंय. मी विचारलं, आत काय घातलं होतंस? ती म्हणाली, सतरंजी. आता तूच सांग, सतरंजी मशीनमध्ये घालणाऱ्याला मी काय म्हणायला हवं होतं? मी ते म्हटलं. त्याच्या आईने त्याला काय शिकवलं तेही विचारलं. पलीकडून आवाज बंद झाला. मी जिंकले म्हणून आत गेले, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. म्हणते, आजी, यात जिंकायचं नसतं गं. हीसुद्धा नोकरी गेली तर मी हा धंदाच सोडणार, मला माणसं ओळखताच येत नाहीत. मी म्हटलं, नाक पूस. दुसरं काय म्हणणार? माझंच स्टूल नापास झालं होतं.

त्या संध्याकाळी तुला फोन करून मी हे सगळं सांगितलं, आठवत असेल. कंडक्टर, शिंपीण, सतरंजी, सगळं. तू मध्ये मध्ये हं म्हणत होतीस. तुझा एक हं पुढे बोल असा असतो, एक अरेरे असा, आणि एक असा असतो की माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागतं. फोन ठेवला तेव्हा माझा राग गेलेला होता. मला ते अजिबात आवडलं नाही, पण गेला होता खरा. असो. तब्येतीला जप, सुनेशी वाद घालू नकोस (घालत नाहीसच म्हणा), आणि लेकाला माझा आशीर्वाद सांग.

तुझी,
डुगडुगत्या स्टुलाची मालकीण

ता.क. सोमवारी सकाळी तुला एका बाईचा फोन येईल. ती नातीची साहेबीण. मी तुझं नाव दिलं आहे. अबोली हे तर मीच ठेवलेलं, खरं नाव मला आठवेना, म्हणून नातीने तुझ्या लेकाला विचारून घेतलं. कशासाठी ते त्याला सांगितलेलं नाही. माझं स्टूल गिरणीसाठी होतं गं, ते तिथे बरोबरच होतं. आता गिरण्या गेल्या आणि डुगडुगत ऐकून घेणाऱ्यांचे दिवस आले, त्याला मी काय करू? नातीला म्हटलं, ही टिकेल. नात म्हणाली, कशावरून? मी म्हटलं, माझ्यावरून.

ता.क. दुसरा. हे फोनवर विचारलं असतं तर तू हं म्हणाली असतीस, आणि तुझा हं म्हणजे हो की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणून पत्र. उलट टपाली हो लिही. नाही लिहायचं असेल तर टपाल वाया घालवू नकोस. सोमवारी फोन येणारच आहे.

ता.क. शेवटचा. ती विचारेल, अनुभव काय. सांग, एका भांडखोर बाईचं वर्षानुवर्षं रोज ऐकते, एकदाही आपण होऊन फोन ठेवला नाही. नाव सांगू नकोस. आणि कामावर लागलीस की संध्याकाळ तेवढी मोकळी ठेव. तुझ्या कंपनीच्या नंबरावर मला कोणी घेणार नाही, माझ्याकडे त्यांचं मशीन नाही. तक्रारी मात्र भरपूर आहेत.