जवाचा डबा

जिम्मा, ७ हिदार

प्रिय वगायेताईस,

तुझ्या धाकट्या हाब्तेचा नमस्कार. तू बरी आहेस ना? गुडघा कसा आहे? गाय बरी? जव कसा आला यंदा? मी बरा आहे, देवाची कृपा.

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. बसचा ड्रायव्हर पोरांची शपथ घेऊन सांगतो की दोन्ही तुझ्या हातात दिली. तू ती मास्तरांकडून वाचून घेतली असशील. मास्तरांचा आवाज देवळाच्या घंटेला लाजवणारा, म्हणून मी लिहितानाही जरा जपून लिहितो. अक्षर वाकडं दिसलं तर त्यांना सांग, बसमध्ये बसून लिहिलेलं नाही. हात हलतो हल्ली.

इथे कॉफीची तोडणी सुरू आहे. चटयांवर लाल फळं वाळत पडलीयेत आणि सगळ्या गावाला तो आंबूस वास. परवा वखारीत दाणे निवडायला बसलेल्या बाया बघितल्या आणि तू आठवलीस. सोळा वर्षांची तू, पाटीतले काळे दाणे वेचत बसायचीस आणि मी अनवाणी पोती वाहायचो. मुकादम म्हणायचा, ‘‘ही पोरगी बोटांनी बघते.’’ तू म्हणायचीस, ‘‘आणि माझा भाऊ जिभेने बघतो, बघाल तुम्ही.’’ मुकादम हसला होता. पुढे त्याच वखारीत मी दाणे चाखायला बसलो तेव्हा हसायला तो राहिला नव्हता, बिचारा.

तर त्या जिभेचंच सांगायचंय. गेल्या महिन्यात राजधानीतून, अदिसहून खरेदीदार आले. चाखायला कॉफीचे दहा वाडगे मांडलेले. मी चमचा तोंडाशी नेला आणि तो दातांवर वाजायला लागला. टक टक टक. सगळे वाडग्यात बघत राहिले, माझ्याकडे कुणी बघेना. ताई, चाखणाऱ्याचा हात हलायला लागला की लोक जिभेवरही विश्वास ठेवत नाहीत. शिवाय छातीत कोंबडी पकडून ठेवल्यासारखी फडफड. रात्री डोळा लागत नाही.

म्हणून डॉक्टर फयिसांकडे गेलो. त्यांनी छातीला तारा लावून लांब पट्टी काढली, माझ्यापुढे धरली. हृदय नेटकं चालतंय, मध्येच ठेचकाळतंय. विचारलं, कॉफी किती? मी म्हटलं, सगळ्यांसारखीच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, ‘‘हाब्तेदादा, माझी आई नव्वदीची आहे, रोज तीन पेले घेते आणि सुनांना धारेवर धरते. कॉफी म्हणजे विष नाही. पण प्रत्येकाचं माप वेगळं असतं. दोनदा घेऊन असा हात हलत नाही.’’

मग त्यांनी समजावलं. दाण्यात ती तरतरी आणणारं जे असतं त्याला कॅफीन म्हणतात. संध्याकाळी पाचला घेतलेलं रात्री दहाला निम्मं अंगात शिल्लक असतं, आणि वर पुन्हा सकाळचं पडतं. कुणाला सोसतं, कुणाला नाही. आधी तीन आठवडे पूर्ण बंद, मग बघू. चाखताना थुंकायचं, गिळायचं नाही. पेल्याची सवय मोडवत नसेल तर जव काळा भाजून, कुटून त्याचं पाणी घ्या, म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, ते घोड्याला घाला.

आज चौथा दिवस. पहिले तीन दिवस डोकं असं दुखलं की जणू कुणी आत लाकडं फोडत होतं. डॉक्टर म्हणालेच होते की सुटताना कॉफी सूड घेते.

बाकी घर भरलेलं असतं. तिरुवर्क शेजारीण येते, तिच्या दोन्ही सुना येतात, दाणे भाजतात, धूप जाळतात. हसणं-खिदळणं चालतं. मी आपला कोपऱ्यात पाणी पीत बसतो. काळजी करू नकोस.

माझी अस्कले गेली, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला जे झालं ते झालं. दुःखाच्या घरात माणूस बोलून जातो. पण तूही तिसरा पेला न घेता उठलीस. भरल्या घरातून बरका, म्हणजे तिसऱ्या पेल्याचा आशीर्वाद, न घेता कुणी उठतं का? आई असती तर तुला बोलली असती.

ख्रिस्तजन्माच्या सणाला येशील का? उत्तर दे.

तुझा धाकटा,
हाब्ते

*

जिम्मा, ३ ताहसास

ताई,

हे पत्र मास्तरांकडून घरात वाचून घेऊ नकोस. अंगणात वाचून घे. शेजारणी असताना घे. मास्तर, तुम्हाला माझी विनंती, आवाज मुळीच खाली आणू नका.

आधी मागच्या पत्रातली खोटी वाक्यं निस्तरतो.

घर भरलेलं नसतं. तिरुवर्क येत नाही, तिच्या सुना येत नाहीत. चाळिसाव्यानंतर एकही बाई या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. आमच्या गल्लीत कॉफी घरोघर फिरते, आज हिच्याकडे उद्या तिच्याकडे, आणि ज्या घरात भाजायला बाई नाही त्या घराची पाळी आपोआप गळते. मला आधी वाटलं एवढंच कारण आहे. नाक्यावर, टपरीवर पुरुष बसतात, तिथे जाऊन बघितलं. मला बघून उठून जागा देतात, पेला हातात देतात, आणि गप्प होतात. मी निघालो की पाठीमागे बोलणं पुन्हा सुरू होतं. माझे कान तुला माहीत आहेत. वळणावर पोचेपर्यंत सगळं ऐकू येतं. मग तिकडेही जाणं सोडलं.

म्हणून मी स्वतः कॉफी करायला लागलो. हसू नकोस. अस्कलेच्याच बुटक्या स्टुलावर बसतो, गुडघे कानाला लागतात. कॉफीची मातीची सुरई तिचीच, चार माणसांची. दाणे तिच्याच मापाने, तीन मुठी. आता तिची मूठ ती केवढी आणि माझी पोती उचललेली मूठ केवढी. भाजायचो, कुटायचो, उकळायचो, चार पेले भरायचो. समोर कुणी नसायचं. टाकून द्यायची तर मी तो माणूस, ज्याने लहानपणी वखारीच्या मागे सांडलेले दाणे वेचून खाल्ले. टाकवायची नाही. चारही पेले मीच प्यायचो. मग पुन्हा पाणी घालून दुसरे चार. मग तिसरे चार. सकाळी बारा, संध्याकाळी बारा. डॉक्टरला मी ‘दोनदा’ म्हणालो, ते काही खोटं नव्हतं. खऱ्याच्या जवळून जाणारं होतं.

हे डॉक्टरला गेल्या आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, ‘‘चार माणसांची कॉफी एकट्याने पिणारं हृदय ठेचकाळेल नाही तर काय करेल?’’ पट्टी पुन्हा काढली. आता बरी आहे. फडफड थांबली, झोप लागते, चमचा वाजत नाही. सकाळचा एक पेला घ्यायची परवानगी मिळाली आहे. एकच.

ते सांगायला हे पत्र नाही.

नवव्या दिवशी मला राहवेना. हाताला पेला हवा होता, आत काही का असेना. घोड्याचं तर घोड्याचं, म्हणून जव शोधायला अस्कलेच्या फळीवर हात घातला. मीठ, मिरचीची पूड, आणि सगळ्यांच्या मागे एक पत्र्याचा डबा, फडक्याने तोंड बांधलेला. उघडला. काळी पूड, निम्मा डबा. कॉफी नाही हे मला फडकं सोडायच्या आधीच कळलं असतं. तो जव होता, काळा भाजलेला, कुटलेला. तयार.

पाणी उकळलं, पूड घातली, पेल्यात ओतली. वाफ नाकाशी आली आणि ताई, मी पुन्हा वास घेतला. मी तिथेच बसलो. तो वास मला माहीत होता. जरा गोडसर, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा. सहा वर्षं रोज समोरच्या स्टुलावरून येणारा वास. मला वाटायचं तो तिचा आहे. तिच्या पदराचा, तिच्या हातांचा.

तिच्या गुडघ्याशी एक लहान काळी सुरई असायची. मला वाटायचं त्यात गरम पाणी आहे. सगळ्यांचे पेले मोठ्या सुरईतून भरायची, आणि आपला पेला शेवटी, वळून, त्या लहानीतून. मी एकदा विचारलंही नाही.

डॉक्टर फयिसांकडे गेलो आणि सरळ विचारलं, माझी बायको तुमच्याकडे येत होती? ते म्हणाले, यायची. सहा वर्षं. रक्तदाब चढलेला, हृदय थकलेलं, आणि कॉफीने तिची छाती रात्र रात्र धडधडायची. तेव्हा त्यांनी बंद करायला सांगितली. तिने विचारलं म्हणे, ‘‘यजमानीण पेला उचलत नाही तर पाहुणे बसतील कसे?’’ आणि आणखी म्हणाली, ‘‘त्याला सांगू नका. मी प्यायची थांबले तर तोही थांबेल. त्याच्या जिभेवर आमचं घर चालतं.’’ जवाची युक्ती डॉक्टरांची नव्हे, तिची. त्यांनी ती तिच्याकडून उचलली आणि माझ्यासकट सगळ्यांना सांगत बसले.

आता चाळिसावा. मागच्या वेळी टाळलं, आता लिहितो, आणि मास्तर, हे सावकाश वाचा.

त्या दिवशी अंगणात गवत पसरलेलं, साठ माणसं बसलेली. दुसरा पेला झाला होता. खरेदीदारांपैकी कुणी म्हणालं, हाब्तेसारखी जीभ या मुलखात नाही, कुठल्या टेकडीचा दाणा ते एका घोटात सांगतो. मी मान डोलावली. तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, ‘‘सहा वर्षं अस्कलेने कॉफी तोंडात घेतली नव्हती. शेजारी बसून तुला कळलं नाही.’’

मी म्हटलं, ‘‘खोटं बोलतेस.’’ एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण साठ माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी पुढे म्हणालो, ‘‘जिच्या स्वतःच्या घरात शेगडी पेटत नाही, तिने दुसऱ्याच्या पेल्यात नाक घालू नये.’’

तुझा नवरा तुला टाकून गेला ते कुणामुळे, हे त्या अंगणात फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. मला शहरात शिकायला ठेवायचं म्हणून तू त्याच्याबरोबर गेली नाहीस. तुझी शेगडी मी विझवली. तू पेला खाली ठेवलास, शाल घेतलीस आणि निघालीस. बाया एकेक करून तुझ्या मागे उठल्या. तिसरा पेला कुणीच घेतला नाही. अस्कलेच्या नावाचा आशीर्वाद सुरईतच राहिला.

जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं. गेल्या रविवारी मयताच्या खर्चाला मदत करणाऱ्या मर्तिकाच्या मंडळाची बैठक होती, सगळी गल्ली हजर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझी बहीण खरं बोलली होती, खोटा मी. शेगडीचंही सांगितलं, कुणामुळे ते. बाहेर पडताना तिरुवर्क शेजारून गेली आणि न थांबता म्हणाली, ‘‘सात महिने लागले होय? एवढ्या वेळात दगडसुद्धा उकळला असता.’’ मी म्हटलं, मग आता कॉफीला याल का? ती म्हणाली, ‘‘जिच्या मागे उठलो तिच्या मागेच येऊ.’’

तिचं बरोबर आहे.

डब्याबद्दल एक राहिलं. मी तो जव चाखला, नीट, वाडग्यात घालून, चमच्याने, जसा धंद्यात चाखतो तसा. जिम्माच्या बाजारातला नाही तो. डोंगरावरचा आहे, थंडीतला, शेणाच्या धुरावर वाळवलेला. आपल्या घरामागच्या तुकड्यातला. दर वर्षी मेस्केलच्या सणाला तू अस्कलेसाठी एक गाठोडं आणायचीस आणि तुम्ही दोघी दार लोटून घेऊन बसायचात. मला वाटायचं, बायकांचं काहीतरी.

माझ्या वाटणीचा सकाळचा एक पेला मी अजून घेतलेला नाही. एकट्याने घ्यायचा नाही असं ठरवलंय. तू आलीस तर दाणे मी भाजेन, स्टुलावर मी बसेन, मूठ लहान धरीन. तिसरा पेला आधी तुला.

यायचं मन होत नसेल तर मी समजेन. पण मग ड्रायव्हरबरोबर थोडा जव पाठव. डब्याचा तळ दिसायला लागलाय, आणि तो वास संपला की या घरात अस्कलेचं काही उरणार नाही.

ताई, तू खोटं बोलली नव्हतीस.

हाब्ते