कोपराने बंद करायचा नळ

मंगळवार, रात्र. नर्सिंग होस्टेल, नांदेड.

आज ड्रेसिंगच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच केलं. हात धुता धुता मध्येच बोटांनी नळ बंद केला. त्या नळाला लांब दांडा आहे, तो कोपरानेच ढकलायचा, धुतलेला हात लावायचा नाही. सगळं पाठ आहे मला. पण पाणी नुसतं वाहताना दिसलं की हात आपोआप जातो.

ट्यूटर सिस्टर म्हणाल्या, "परत धू. पहिल्यापासून." तीनदा धुवायला लावलं. म्हणजे तांब्याभर वाचवायला गेले आणि बादलीभर घालवलं! लातूर जिल्हा नवा झाला, पाट्या बदलल्या, पण आमच्या गावात आई अजून टँकरमागे घागर घेऊन पळते. तिने हे बघितलं असतं तर?

जाताना सिस्टर म्हणाल्या, "उद्या चुकलीस तर पेशंटला हात लावू देणार नाही." लई राग आला. त्यांचा की माझाच?

संध्याकाळी रूममेट शांताला घेऊन परत त्याच नळावर गेले. या वेळी खाली बादली ठेवली. शांता उमरीची, तिच्याकडेही पाण्याची टंचाईच, तिलाही बघवेना. "अगं, काय करून राहिलीस? पाणी चाललं की सगळं!"

"चालू दे," म्हटलं.

हात अर्ध्यापर्यंत गेला, थांबला. मग कोपर. परत एकदा, कोपर. बादली भरेपर्यंत एकदाही चुकले नाही.

ती बादली दोघींनी होस्टेलवर आणली, त्यातच उद्याचा युनिफॉर्म धुतला. आता आईला बोलायला जागा नाही. उद्या सिस्टरांनाही ठेवणार नाही.