सातवी आसरा

डोंगरवाडी, दौलताबाद
१४ मार्च २००३

ती. गीताताईस,
सत्यमचा शि. सा. न. वि. वि.

आईला आणायला आलो त्याला आज नववा दिवस. मधी दोन दिवस किल्ल्यामागं एका मेंढपाळासंगं हिंडलो, रागावू नको. त्याची काठी लई भारी होती. असो. आपला झरा संक्रांतीलाच आटला. आधी पार वैशाखापर्यंत टिकायचा. पाऊस आता वर्षाचा एका दिवसात पडतो अन् माती घेऊन खाली जातो, असं आई सांगते. भाजी निवडत, परक्याचं सांगावं तसं. टँकर डोंगर चढत नाही. पायथ्यापासून ती दोन घागरी आणते.

यायला ती नाही म्हणत नाही. पण झऱ्यावरच्या सात आसरांना, त्या शेंदूर लावलेल्या दगडांना, रोजचं पहिलं पाणी तिनंच घालायचं. त्यांना तहानलेलं टाकून कशी येऊ, म्हणते. काय करू ते कळव. हे दूधवाल्या बद्रीनाथकडं देतो.

तुझा सत्यम

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२० मार्च

चि. सत्यम यास अनेक आशीर्वाद.

पाठवलं आईला आणायला आणि तू काठ्या बघत बसलास! दहावीच्या पेपरालाही असाच वाटेत रमला होतास. डॉक्टर काय म्हणाले विसरलास का? असंच ओझं वाहिलं तर वर्षभरात तिचे गुडघे पुरते जातील. इथं नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, पण येतं. आसरांनाही घेऊन ये. गच्चीवर टाकीजवळ जागा केलीय, पाणी मी घालीन. मग तिला अडायला काय उरलं?

तुझी ताई

डोंगरवाडी
२९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

बद्रीनाथच्या कॅनमध्ये आसरा आहेत. आईनं स्वतः धुऊन, फडक्यात बांधून भरल्या. मला वाटलं, निघालो. पिशवीपण भरली. तर तिनं सातवी काढली अन् परत झऱ्यावर नेऊन ठेवली. म्हणाली, सगळ्याच गेल्या अन् पाणी माघारी आलं, तर घरी कुणी नको का? मग ती एकटी कशी राहील, म्हणून आईपण राहिली.

मी भांडलो नाही. पिशवी रिकामी केली. आता घागरी मी आणतो. पहिला तांब्या सातवीला, मग आई, मग मी. मेंढपाळ परवा गंगापूरकडं गेला. चल म्हणत होता. नाय म्हणालो, तर काठी देऊन गेला. ती टेकत आई झऱ्यावर जाते.

तिकडं सहाच आहेत, सातवी शोधू नको. त्यांना पाणी घाल, अन् इकडच्या तिघांवर लोभ राहू दे.

सत्यम