चष्मेवाल्याची शेवटची कॅसेट

जळगाव जामोद
८ डिसेंबर २०२४

भाऊ अकील,

सलाम आणि जय भीम. तुझा पत्ता मुबीनाकडून घेतला. सोनाळ्याहून बाजाराले आली होती तुझी बहीण, रस्त्यातच गाठलं तिले. "फोन करा ना दादा," म्हणे. फोनवर हे माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर समजून घेजो.

आम्ही बरे आहो. महामायाचे गुडघे दुखतात, थंडीत जास्तच. मी मे महिन्यात एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालो. पस्तीस वर्षं गाड्यायच्या खाली पडून काढले, आता खाटेवर पडून राहतो. पडून राहून बी माणूस थकते, हे मले माहीत नव्हतं.

सध्या काय करून राह्यलो, सांगू? आपल्या कॅसेटा ऐकून राह्यलो. साऱ्या, एकशे बारा. नियम तुझाच: एक गायक धरला की त्याचा पहिला अल्बम ते शेवटचा, क्रमानं, आणि मधात बटन दाबायचं नाही. इंग्रजी नावं जिभेवर बसत नव्हते म्हणून आपण आपलेच ठेवले होते, आठवते का? चौघे गवंडी, झिपरी, मिशीवाला, चष्मेवाला. तू तो आखूड बाह्यायचा शर्ट घालून टेपपुढं मान हलवायचा. सारं कॉलेज हसायचं, शिंप्याचा पोरगा आणि शर्ट असा! चौघे गवंडी पहिल्या अल्बमात किती खुश होते बे! शेवटच्यात एकमेकाचं तोंड पाहत नसतील, असं वाटते. झिपरीचा आवाज दरवर्षी बसत गेला. तेव्हा हे ध्यानात आलं नाही, आपण वीस वर्षांचे होतो.

खरं सांगतो, जीव कंटाळला माझा. ऑगस्टात मिशीवाल्याचे एकामागं एक चौदा अल्बम ऐकले, सहाव्यानंतर त्याले बी काही सुचत नव्हतं. महामाया म्हणते, "ह्या गोऱ्यायची रडारड सरते कधी?" पुतणी अश्विनी तं मोबाईलच घेऊन आली. "काका, यात साऱ्यायचे सारे अल्बम आहेत, क्रमानं. तो डबा फेकून द्या." मी तिच्यावर खेकसलो. पोरीले वाईट वाटलं, मंग मले बी वाटलं. पण मले कॅसेटाच ऐकायच्या होत्या.

टेप कय्यूमनं जमवून दिला. हाव, तुझाच भाऊ. स्टँडापुढं रेडिओ-पंख्याचं दुकान अजून आहे त्याचं. नवा बेल्ट टाकला, हेड साफ केलं आणि म्हणे, "पुढं पळवू नको, टेप जुनी आहे, तुटते. तिच्या चालीनंच ऐक." दुपारची नमाज झाली की तो माझ्याकडं येते, चहा पिते, खुर्चीतच डुलक्या घेते. तुझं नाव काढत नाही. तुम्ही दोघं बोलत नाही याले तीस वर्षं झाले. त्याच्या पोरीच्या निकाहले बी तू आला नाही. पण तुझ्या नांदेडची गाडी लागली की तो हातातला पंखा ठेवून मान वर करते. वर्कशॉपाच्या फाटकातून मले रोज दिसायचं ते.

रिटायर झालो त्या दिवशी तो हार घेऊन आला होता. बसल्या बसल्या म्हणे, "संघपाल, अब्बाचा चेहरा आठवते. आवाज नाही आठवत बे आता." मी त्याच दिवशी माळ्यावरून खोकं काढलं.

चहा थंड झाला. महामाया दोनदा डोकावून गेली, काय लिहून राह्यले एवढं म्हणून. लिहितोच आता.

अब्बाचा आवाज भरलेली ती कॅसेट कय्यूमनं विकली नाही. मी पुसली.

अब्बा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात खामगावचा गोविंदा पिशवीभर अल्बम घेऊन आला होता, दोन दिवसांसाठी. कोऱ्या कॅसेटा सरल्या म्हणून तुझ्या घरून आणलेल्या खोक्यातल्या दहा-बारा मी घेतल्या आणि त्यायच्यावरच ते अल्बम भरले. एकीवर हिरवं लेबल होतं, उर्दूत काही लिहिलेलं. मले उर्दू वाचता येत नाही, कव्वाली असंल म्हटलं. दोन मिनिटं लावून पाहिली असती तं समजलं असतं. नाही पाहिली. घाई होती.

अब्बाच्या चाळिसाव्याले तू ते हिरवं लेबल शोधत होता. कय्यूमनं दुकानातून विकली म्हणून तू त्याच्या कॉलरले हात घातला, साऱ्या पाहुण्यायपुढं चोर म्हटलं. मी दारात उभा होतो, चपला बी काढल्या नव्हत्या. मले तेव्हाच समजलं, आणि तोंडातून शब्द निघाला नाही. घरी येऊन साऱ्याच कॅसेटायचे लेबलं खरडून काढले, नवे चिकटवले. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता तू गाव सोडलं. मंग सांगायची लाजच वाढत गेली. कोणत्या कॅसेटवर अब्बा होते, ते मले बी ओळखू येईना.

पण नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत अल्बम भरला की बाजूच्या शेवटी थोडी टेप उरते. त्या उरलेल्या टेपवर काही राह्यलं असंल, एवढ्याच आशेवर सहा महिने ह्या लोकायले ऐकलं.

ह्या मंगळवारी दुपारी चष्मेवाल्याचा शेवटचा अल्बम लावला. खोक्यातली ती शेवटचीच कॅसेट. कय्यूम खुर्चीत घोरत होता. गाणं सरलं, खरखर सुरू झाली. मी म्हटलं, चला, गेलं सारं. आणि अब्बा बोलले.

"छाती छत्तीस. लिख, कय्यूम." मंग कैचीचा आवाज. "अकील, सीधा खडा रह ना रे. आस्तीन चौबीस."

कय्यूमचे डोळे उघडले. म्हणे, "मी बाही बावीस लिहिली होती." आणि हसला रे तो. हसता हसता टोपी तोंडावर धरली आणि लेकरासारखा रडला.

मी बटन दाबलं.

"बंद काऊन केलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. सारं सांगितलं, हिरव्या लेबलासकट.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"तीस वर्षं माझ्या दुकानात बसून चहा पेला तू. आणि तुले माहीत होतं?"

मी पुन्हा हाव म्हटलं. तो उठला, चपला घातल्या आणि दारातूनच म्हणे, "अकीलले तूच लिही. मी नाही सांगणार." पाच दिवस झाले, आला नाही. मी दुकानावर गेलो तं त्यानं पंख्यातून मान वर केली नाही. लय थकलो अकील मी. गाणे ऐकून नाही, तुले माहीत आहे कशानं.

माफी मागतो. द्यायची का नाही, तुझं तू पाहजो. राग धरायचा तं माझ्यावर धर, त्याच्यावरचा सोड. त्यानं काहीच केलं नव्हतं.

कॅसेट पोस्टानं पाठवत नाही. जिथं थांबवली तिथंच टेपमधी आहे. कॅसेटीच्या खिडकीतून अजून थोडी टेप दिसते, बोटाच्या पेराएवढी. पुढं अब्बा काय बोलतात, का काहीच नाही, मले माहीत नाही. तुझा नियम मी पहिल्यांदा मोडला. पुढचं ऐकायचा हक्क माझा नाही.

नांदेडची गाडी इथं साडेतीनले लागते. कय्यूम त्या वेळी दुकानातच असते. तू उतरला की त्याले संग घेऊन येजो. मी टेप तुमच्यापुढं ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.

दोस्त लिहू का नको, समजत नाही.

दारात उभा राहून ज्यानं तोंड उघडलं नाही, तो
संघपाल