दूधबाईंचा तक्ता

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवायचा सराव सध्या मला रोज सकाळी न्हाणीघरात होतो आहे, त्यामुळे हा नमस्कार नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही.) तुम्ही सगळे खुशाल असाल. दादाची पाठ कशी आहे आणि छोटीचे पडलेले दात परत आले का, ते कळवा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मला नववा आठवडा लागलाय, आणि क्षेम म्हणून जे काही आहे ते सकाळी साडेदहानंतर पाच-सात मिनिटं असतं.

बातमी तुम्हाला आईकडून कळलीच असेल. त्यावर आईने असंही सांगितलं असेल की पोरगी काही म्हणजे काही खात नाही. हे साफ खोटं आहे. मी खाते. मी जे खाते ते कोणाला पसंत नाही आणि जे सगळ्यांना पसंत आहे ते मी खाणार नाही, एवढाच काय तो मतभेद आहे, आणि या मतभेदात मी माघार घेणार नाही हे घरी आणि दवाखान्यात दोन्हीकडे सांगून झालंय. तुमच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून भलतंच काही जाण्याआधी माझ्याकडून जावं म्हणून हे पत्र.

माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. (पत्रात ठाऊक असलेल्या गोष्टीच जास्त लिहिल्या जातात.) प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावर माझी खोली, दारावर ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनाचा काटा आणि एका टोपलीत रबराची केळी, सफरचंदं, गाजरं. समोर बसलेल्या प्रत्येक बाईच्या हातात गेली अकरा वर्षं मी एक तक्ता देत आले. सहा वाजता कोमट दूध, आठला उकडलेलं अंडं, दहाला पुन्हा दूध, असं करत करत रात्री झोपताना शेवटचं दूध. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, तो तक्ता काचेच्या चौकटीत बसवून दाराशी लावला होता. पाठीमागे मला सगळे दूधबाई म्हणतात हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. एखादी म्हणाली, बाई, दूध जात नाही हो, की माझं उत्तर ठरलेलं. मनावर घेतलं की जातं. अकरा वर्षं मी नाकाने कांदे सोलले, वहिनी. आता नाक त्याचा सूड उगवतंय.

कारण सहाव्या आठवड्यात एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दूध तापायला ठेवलं, आणि ते मला तळमजल्यावर, दार बंद असताना, कळलं. समोर एक बाई बसली होती. तिला मी अंड्याचं महत्त्व सांगत होते. वाक्य अर्ध्यात सोडून मी रबराच्या फळांची टोपली ओढली आणि तिच्यात काय करायचं ते केलं. त्या बाईने शांतपणे आपला रुमाल पुढे केला आणि म्हणाली, “मनावर घ्या, बाई.” तिच्या बोलण्यात खोच होती की माया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फळं मी फिनाइलने धुतली. केळ्यांचा रंग गेला.

घरी सासूबाई. त्या वाईट नाहीत, हे आधी लिहिते, कारण पुढच्या ओळींवरून तसं वाटेल. माझाच तक्ता समोर ठेवून त्या माझ्यासाठी सहा वाजल्यापासून राबायला लागल्या. मी न्हाणीघरात असले की त्या बाहेर ताट घेऊन उभ्या. पोटात काही नाही म्हणून उलटी होते, म्हणून खा. खाल्लं की उलटी. मग म्हणतात, बघ, रिकाम्या पोटी खाल्लंस म्हणून. या गोल रस्त्यावरून मी तीन आठवडे फिरले. शेजारणींनी आलं सुचवलं. आलं घेतलं. ते नावाला जागलं, लगेच वर आलं. (काही जणींना त्याने खरंच बरं वाटतं, हे मी लेखी सांगायला तयार आहे. मी त्या काही जणींतली नाही.) ह्यांनी अकरा प्रकारची बिस्किटं आणली आणि प्रत्येकाचा निकाल पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवला. दहा पाकिटांवर ‘नाही’ आहे आणि एकावर ‘वीस मिनिटं’. ह्यांचा धंदा कवळ्या बनवायचा, त्यामुळे संध्याकाळी घरी येतात ते ओल्या प्लास्टरचा वास घेऊन. गंमत अशी की जगातल्या सगळ्या वासांत मला तेवढा एकच सहन होतो. सासूबाईंना वाटतं नवऱ्यावर फार जीव आहे. जीव आहेच, पण मी त्यांच्या बाहीला नाक लावून बसते ते प्लास्टरसाठी.

मग गेला मंगळवार. सोमवारपासून पाणीसुद्धा टिकत नव्हतं. लघवी दिवसातून एकदाच, तीही गडद पिवळी. बाईमाणसाने अशा वेळी काय करायचं ते मी रोज पंचवीस जणींना सांगते. पण स्वतःबद्दल मी कोणाला बोलले नाही, कारण दूधबाईलाच जेवण जात नाही हे दवाखान्यात कळलं तर उद्यापासून माझं ऐकणार कोण? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने उंटावरून पडायचं नसतं. मी जिन्यात पडले. तीन पायऱ्या, फार नाही. शुद्धीवर आले तेव्हा दुसऱ्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर होते, हाताला सलाइन, आणि पोटावर मशीन फिरवायला कोणीतरी आलं होतं. तेवढी दोन मिनिटं मी काहीही गमतीदार विचार केला नाही. पडद्यावर द्राक्षाएवढं काहीतरी होतं आणि त्याचे ठोके माझ्या दुपटीने चालले होते. माझ्या जेवणखाणाशी त्याला काही देणंघेणं आहे असं दिसलं नाही.

बाराला ताट आलं. अंडं, लापशी आणि वर झाकण ठेवलेला पेला. ताटाखालच्या चिठ्ठीवर माझी सही. मी तोंड फिरवलं. आता आमच्याकडे नियम असा, की रुग्णाने जेवण नाकारलं तर वॉर्डातल्या मावशींनी वहीत नोंद करून आहारतज्ज्ञांना कळवायचं. नियम मीच केलेला. मावशींनी नोंद केली, वही मिटली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, चौदा नंबरने जेवण नाकारलंय. कळवायला आले.”

“कळलं,” मी म्हटलं.

“पुढे लिहिलंय की आहारतज्ज्ञ रुग्णाची समजूत घालतील. घाला तुम्ही. मी तोवर ताट धरते.”

त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई आहे ती. मी खरोखर प्रयत्न केला, वहिनी. मी मला म्हटलं, मनावर घेतलं की जातं. त्यावर मी मला जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. मग मावशींनी ताट खिडकीपलीकडच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, हात पुसले आणि विचारलं, “काय जाईल असं वाटतं?”

तीन आठवडे लोक मला काय खा ते सांगत होते. हे विचारणारी ती पहिली. मला उत्तर माहीत नव्हतं, पण तोंडातून आलं की गार बटाटा. गरम नाही, वाफ नको, वास नको. त्यांच्या डब्यात सकाळचा उकडलेला होता. त्यांनी फोडी केल्या, मीठ लावलं, लिंबू पिळलं. अर्धा खाऊन मी मांडीवर भांडं घेऊन वाट बघत बसले. वीस मिनिटं झाली. पाऊण तास झाला. बटाटा जागचा हलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (सलाइन जरा जास्त झालं असावं.)

गुरुवारी कामावर गेले आणि पहिल्यांदा दाराची चौकट काढून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. नवा तक्ता लिहिला. उठायच्या आधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खा. दर दोन तासांनी थोडं थोडं. गार चालेल. पाणी घोट घोट. दिलेली गोळी चुकवू नका. पाणीही टिकेना तर त्याच दिवशी इथे या, लाजू नका. आणि पहिले तीन महिने जे पोटात राहील ते अन्न. मोठ्या बाईंनी तो चष्मा वर करून वाचला आणि म्हणाल्या, शेवटच्या ओळीला काही शिस्त नाही, असा कागद दवाखान्याच्या नावावर जाणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला दोन मुलं आहेत, तुम्ही काय खाल्लं होतं? त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “करपलेला पाव. मोरीपाशी उभी राहून. पण ते खासगी आहे.”

तक्ता अजून मंजूर नाही. मी तो वाटते आहे. बंद करायला सांगितलं तर खोलीला कुलूप लावावं लागेल, आणि किल्ली माझ्याकडे असते. शिवाय आता मी प्रत्येकीला विचारते आणि कागदामागे लिहून घेते. एकीला नुसता बर्फ. एकीला मीठ लावलेली काकडी, तीही सालासकट. एक बाई पहाटे पाचला शिळा भात-दही खाते आणि तिला अजून घरात कोणी पकडलेलं नाही. दूध जाणारीही एक निघाली. तिला मी म्हटलं, जरूर प्या, फक्त माझ्यासमोर नको.

सासूबाईंना मी सांगितलं की उद्यापासून सहाचं दूध तापणार नाही, आणि तापलं तर मी प्लास्टरच्या कारखान्यात राहायला जाईन. दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर खिडकीत डझनभर उकडलेले बटाटे ओळीने गार होत होते. ह्याला खाणं म्हणत नाहीत, हे त्यांनी ऐकवलंच. मीठ मात्र स्वतः आणून दिलं.

दादाला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची आज्ञाधारक (खाणं वगळून),
नणंद

ता. क. सात वर्षांपूर्वी, छोटीच्या वेळी तुम्हाला तिसरा महिना होता, तेव्हा मी तीन आठवडे येऊन राहिले होते आणि जुना तक्ता तुमच्या फडताळाच्या दारावर चिकटवून गेले होते. अजून असेल तर काढून टाका. सुरी लागेल. मी तेव्हा चारही बाजूंनी डिंक लावला होता.

ता. ता. क. त्या दिवसांत एका दुपारी तुम्ही कोठीच्या खोलीचं दार आतून लावून काहीतरी खात होतात. मी बाहेर उभी राहून ऐकलं. कुडुमकुडुम आवाज होता. मी ते आईला सांगितलं, दादाला सांगितलं, आणि जेवताना सगळ्यांसमोर तुमच्या हातात दुधाचा पेला दिला. तुम्ही ते प्यायलात, आणि मग उठून गेलात. मी मागे आले नाही. माफ करा असं लिहायला घेतलं होतं, ते चार वेळा खोडलं, म्हणून पत्र एवढं लांबलं.

आणखी एक. कालपासून बटाटाही जात नाही. वहिनी, त्या दुपारी तुम्ही काय खात होतात?